उलटं सूत

ओट्यामागची ओली भिंत फोडली तेव्हा जुन्या पाइपाचे दोन जोड दिसले, वीतभर अंतरावर. एकाच्या तोंडाशी, गळू नये म्हणून आट्यांवर लावतात ते सूत उलट्या बाजूने गुंडाळलेलं होतं. प्लंबरचा हात थबकला.

"कुणी केलंय हो हे असलं काम?" मालकीणबाईंनी विचारलं.

"आम्हीच. वीस वर्षं झाली, तुमच्या सासूबाईंच्या वेळी. माझा धाकटा भाऊ डावखुरा. किती सांगितलं तरी सूत उलटंच गुंडाळायचा. असं सूत पाना फिरवला की सैल पडतं. मी इथेच त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, तुझा जोड महिनाभरसुद्धा टिकायचा नाही, चालता हो."

"मग?"

"हातातला पाना खाली ठेवला आणि गेला. पुन्हा दिसला तो थेट दवाखान्यात, चादरीखाली."

बाई समजूत घातल्यासारख्या म्हणाल्या, "पण तुमचं बोलणं काही खोटं नव्हतं. गळलाच ना शेवटी तो जोड."

प्लंबरने दोन्ही जोड फडक्याने पुसले आणि एकेकावर बोट धरून पाहिलं. उलट्या सुताचा जोड कोरडा ठणठणीत होता.

"नाही, बाई," तो म्हणाला. "गळतोय तो माझा."