बोलत राहायचं

"लिफ्टचं दार हाताने ओढू नका काका. मी आहे ना फोनवर! आधी खाली बसा बघू."

पलीकडचे काका धापा टाकत होते. तिने टेबलावरचं लाल बटण दाबलं. त्याच्यावरचा दिवा लागला. दिवा लागला म्हणजे मेकॅनिक निघाला, असं तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आता तो पोचेपर्यंत बोलत राहायचं. किती वेळ लागेल ते सांगायचं नाही आणि आपण होऊन फोन ठेवायचा नाही.

तिने काकांना मुलाबाळांचं विचारलं, नोकरीचं विचारलं, कुठली भाजी अजिबात आवडत नाही तेही विचारलं. भाजीवरून काका जरा हसले. मग फोन बंद झाला. सुटले म्हणायचे.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या या कंपनीत तिला वर्ष काढायचं होतं. वर्ष भरलं तरच कॉलेजची डिग्री हातात पडणार होती. तिला मोटारी, दोर, ब्रेक शिकायचे होते. पण साहेबांनी तिला जिन्याखालच्या खोलीत एका फोनसमोर नेऊन बसवलं. बाकीचे फोन मोठ्या खोलीत, तिचा एकटीचा इकडे.

"यंत्र कुणीही शिकतं," साहेब म्हणाले. "घाबरलेल्या माणसाशी बोलायला शीक."

साहेबांपुढे ब्र काढायची सोय नव्हती. घरी आई मात्र खूश होती. "लहानपणापासून तोंडाचा पट्टा चालूच असतो तुझा. आता त्याचीच डिग्री मिळणार म्हण की!"

पट्टा चालू होता हे खरं, पण हात बांधलेले. कधी दम्याची बाई अडकायची, कधी परीक्षेला निघालेली मुलगी, कधी भांडणारे नवराबायको. तिकडे माणसाचा जीव टांगणीला लागलाय आणि आपण इथे तोंडाची वाफ दवडतोय, या विचाराने तिला डबा गोड लागत नसे. फोन बंद झाल्यावर त्या माणसाचं पुढे काय झालं, हे तिला कुणी सांगत नसे. विचारलं तर म्हणत, पुढचं काम मेकॅनिकचं.

मग त्या सलग सुट्ट्या आल्या. मोठ्या खोलीला रंग द्यायचा होता, म्हणून वायरमनने तिथले फोन वरच्या मजल्यावर हलवले होते. दोन्ही खोल्यांतल्या तारा उपसून त्याने पुन्हा जोडल्या होत्या. खाली चिटपाखरू नव्हतं. तिची हजेरी कमी भरत होती, म्हणून ती बिचारी एकटीच येऊन बसली.

फोन वाजला. एक आजी होत्या.

"पोरी, लिफ्ट मधेच थांबली गं. सगळे बाहेरगावी गेलेत, बिल्डिंगमध्ये कुणी म्हणून नाही. मी आपली दूध आणायला निघाले होते."

तिने बटण दाबलं, दिवा लागला, आणि ती बोलायला लागली. आजी झकास गप्पिष्ट निघाल्या. नातवाच्या खोड्या सांगून स्वतःच हसत होत्या. मग म्हणाल्या, फार उकडतंय. मग विचारलं, "येतोय ना गं तो माणूस?"

"निघालाय आजी. येईलच एवढ्यात."

तिने पुन्हा बटण दाबलं. दिवा आधीच लागलेला होता. आजींचं बोलणं हळूहळू विरळ झालं. "तुझ्याशी बोलून बरं वाटतंय," असं म्हणाल्या, आणि मग नुसता श्वास ऐकू यायला लागला. ती बोलतच राहिली. बऱ्याच वेळाने फोन बंद झाला.

सुट्ट्या संपल्यावर तिने मोठ्या खोलीतल्या ताईंना गाठलं. तिला शिकवण्याचं काम ताईंकडे होतं.

"ताई, त्या लिफ्टमधल्या आजी सुटल्या का हो?"

"सुटल्या असतील गं. इतकं मनाला लावून घेतलंस तर वर्ष कसं काढशील?" ताई घाईत होत्या. साहेबांच्या खोलीत कोणी माणसं आली होती, दार लावून बोलणं चाललं होतं. शिकाऊ मुलीला तिथलं कोण सांगणार!

ती आजींना विसरू शकली नाही. लिफ्टमध्ये पाय ठेवणं तिने सोडलं. आपण खोटा धीर दिला, या एका गोष्टीने तिला आतून पोखरलं. वर्ष संपेपर्यंत तिचा आवाज मऊ, शांत, अगदी साहेबांना हवा तसा झाला होता.

शेवटच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना तिच्या खोलीत बोलावलं. कँटीनच्या मावशींनी केक आणला होता.

"एक गुपित सांगतो," साहेब म्हणाले. "हे आम्ही प्रत्येक शिकाऊला शेवटच्या दिवशीच सांगतो. तुझा फोन बाहेर कुठेही जोडलेला नाही. वर्षभर तू आमच्याशीच बोललीस. त्या बटणाला नुसता दिवा आहे. खरंच कुणी अडकलंय असं वाटल्याशिवाय आवाज तयार होत नाही, बाई!"

"दम्याची बाई मी बरं का!" मावशींनी धाप लावून दाखवली. भांडणारे नवराबायको म्हणजे ताई आणि शिपाईकाका निघाले. सगळे खो खो हसत होते.

आधी तिला भयंकर राग आला. मग एकदम जीव भांड्यात पडला. कुणी अडकलंच नव्हतं. कुणाला काही झालंच नव्हतं. ती हसता हसता रडायला लागली.

"आणि आजी कोण झालं होतं? त्या आजींपायी मी इतके महिने जिने चढतेय!"

मावशींनी ताईंकडे पाहिलं.

"मला वाटलं, साहेबांनीच कुणाला तरी बसवलं असेल," ताई म्हणाल्या.

"मी? मी नाही कुणाला बसवलं." साहेबांनी तिच्याकडे वळून विचारलं, "कधी आला होता हा फोन?"

"सुट्ट्यांत. रंगकाम चाललं होतं तेव्हा. एकट्याच होत्या, दूध आणायला निघाल्या होत्या."

मावशींनी सुरी केकशेजारी ठेवली. ताईंनी पुढे होऊन खोलीचं दार लावून घेतलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "त्या बाईंनी आपल्याला फोनच केला नव्हता, असं आपण पोलिसांना सांगितलंय."