तालीम

"मावशी, चष्मा काढ. काचेवर कॅमेऱ्याच्या दिव्याचा उजेड चमकतो," असं म्हणत भाचीने तो स्वतःच काढून घेतला, आणि मावशीची खोली धुक्यात गेली. खुर्च्या, भिंत, दारातल्या चपला, सगळं एकात एक कालवल्यासारखं झालं. समोर बसलेल्या पोरीला नाकडोळे उरले नाहीत. नुसता ओळखीचा आवाज उरला.

गाद्यांच्या कारखान्याला परवा आग लागली, त्यात मावशीचा थोरला गेला. आता टीव्हीवाले जिन्यात येऊन थांबले होते. कारखान्याची बाजू लोकांपुढे नीट मांडायचं काम ज्या ऑफिसकडे होतं, त्याच ऑफिसात ही भाची कॉलेजकडून शिकायला जात होती. जनसंपर्क म्हणतात त्या विद्येला. पहिल्यांदा तिने समजावून सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली होती, "म्हणजे बोलणाऱ्याची माती विकायची. त्याला कॉलेज कशाला हवं? कोपऱ्यावरच्या भाजीवालीपाशी चार दिवस बस की." दोघी पोट धरून हसल्या होत्या.

ऑफिसच्या मॅडम स्वतः आल्या होत्या. मावशीला त्या काकू म्हणत होत्या. कुठल्या काकाची बायको म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. पोरीला दाराशी नेऊन त्यांनी हळू आवाजात बजावलं, की मागच्या दाराचा विषय म्हातारीच्या तोंडून निघता कामा नये, आणि आजचं निभावलं तर कॉलेज संपल्यावर ऑफिसात तिची खुर्ची पक्की. पण मावशीचे डोळे काढून घेतले होते, कान नव्हते.

भाची परत येऊन पायाशी बसली. आई गेल्यापासून ती याच पायांशी बसून मोठी झालेली. तिने शिकवायला घेतलं. हात मांडीवर. डोळे भरले तर पुसायचे नाहीत, वाहू द्यायचे. दिव्याच्या जरा खाली बघायचं. काहीही विचारलं तरी आधी सावकाश एक श्वास घ्यायचा आणि एवढंच म्हणायचं, की या दुःखात कंपनी आमच्या पाठीशी आहे, चौकशी चालू आहे.

"आणि त्यांनी भलतंच काही विचारलं तर?"

"तरी हेच. खोटं बोलायचं नाही, मावशी. फक्त विचारलेल्याचं उत्तर द्यायचं नाही. पहिला धडाच तो आमचा."

थोरल्याच्या पाळीतला एक माणूस आगीतून वाचला होता. तो काल येऊन रडून गेला. माल चोरीला जातो म्हणून मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचे, असं काहीसं सांगत होता. परवाचं काय ते सांगायच्या आधीच जिन्यात पावलं वाजली आणि तो पाणीसुद्धा न पिता उठून गेला.

"मला एक सांग," मावशी म्हणाली. "तू त्या ऑफिसात बसतेस. आगीचे फोटो बघितले असशील. मागच्या दाराला कुलूप होतं का गं?"

या पोरीची लहानपणापासूनची खोड, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. कप कुणी फोडला म्हणायच्या आधी, मी फोडला. त्यापायी मारही खाल्ला होता आणि मावशीने चारचौघीत मिरवलंही होतं, की माझ्या पोरीच्या पोटात काही राहत नाही.

आज मावशीला तिचा श्वास ऐकू आला. पुरता, सावकाश घेतलेला.

"चौकशी चालू आहे, मावशी."

मावशीने हात उचलून मांडीवर ठेवले.

"बोलव त्यांना," ती म्हणाली. "तुझी खुर्ची जायला नको."

माणसं आत शिरली. दिवा लागला तशी समोरच्या धुक्याची पांढरी भिंत झाली. कुणीतरी मुलाबद्दल विचारलं. तिने श्वास घेतला आणि वाक्य म्हटलं. मग दाराचं विचारलं. तिने श्वास घेतला आणि तेच वाक्य म्हटलं. विचारणारा हुशार होता, त्याने तोच प्रश्न फिरवून फिरवून, गोड बोलून, शेवटी चिडून विचारला. वाक्यातला कानामात्रा हलला नाही. मागे कुणीतरी पुटपुटलं, की म्हातारीचं काळीज आहे का दगड, पोटचा पोर गेला तरी डोळ्यांत टिपूस नाही. तेही तिने ऐकलं.

दिवा विझला. मॅडम म्हणाल्या, काकू, तुम्ही कमाल केलीत. भाचीच्या पाठीवर थाप मारल्याचा आवाज आला. मग जिना बराच वेळ वाजत राहिला आणि थांबला.

भाची गेली नाही. ती ओढणीने चष्मा पुसत बसली होती. पुसून झाल्यावरही पुसत होती. मग तिने तो मावशीच्या हाताला लावला. मावशीने मूठ उघडली नाही.

"घाल ना, मावशी. बघ तरी माझ्याकडे."

मावशी हलली नाही.

"त्या दाराचं सांगते मी तुला." पोरीचा आवाज फाटला. "मावशी, फोटोत मी..."

मावशीने दोन्ही हात मांडीवर नीट ठेवले. मघाशी दिवा होता त्याच्या जरा खाली, रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. सावकाश एक श्वास घेतला.

"या दुःखात कंपनी आमच्या पाठीशी आहे," ती म्हणाली. "चौकशी चालू आहे."