रजेचा अर्ज

अठ्ठावन्न साल. बंगळूरच्या एका कारखान्याच्या वसाहतीतली शाळा. सहामाहीचा निकाल लागला, त्याच शनिवारी शालनबाईंनी नववीच्या मुलींना रजेचा अर्ज लिहायला दिला. कुणाला ताप आला, कुणाच्या मावशीचं लग्न निघालं. गणितात नापास झालेल्या विद्यानं मात्र कारण लिहिलंच नाही: ‘सोमवारपासून रजा मिळावी. माझी पहिल्या बाकावरची जागा गंगव्वाला द्यावी, तिला मागून फळा दिसत नाही.’

“गुणाची पोर!” बाई मनाशी म्हणाल्या आणि तांबड्या शाईनं शेरा मारला: ‘रजा कधीपर्यंत, ते राहिलं. एक मार्क कमी.’

सोमवारी हजेरीच्या वेळी विद्या आलेली नव्हती; पहिल्या बाकावर तिच्या जागी गंगव्वा बसली होती.



“विद्याच काल घरी येऊन सांगून गेली, बाई. म्हणाली, आता ही जागा कायमची तुझी.”