ब्रेकचा पाईप

त्या नापिकीच्या वर्षांत वांग्याचा मळा वाळला, तेव्हापासून भातकुलीच्या गोपालचं घर जुन्या जीपवरच चाललं होतं. आज चिखलदऱ्याची सवारी होती, आणि जीपचा ब्रेकचा पाईप गंजलेला निघाला.

"तांब्याचा टाका अन् मले मोकळं करा, वाहेदभाई."

"तांबं हादऱ्यानं चिरते, गोपाल. घाटात पाय दाबत बसशील. पोलादी पाईप अकोल्याहून सांजलोक येते, थांब."

"सवारी थांबते काय? मी परतवाड्याले टाकून घेतो!" म्हणत गोपाल तसाच निघाला.

वाहेद मिस्त्रीचा जीव थाऱ्यावर राहिना. फोन लावला, तर गोपाल उचलेना. शेवटी हातातलं काम टाकून त्याने मोटारसायकल काढली. घाटाकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला तो वाटेत जीपबद्दल विचारत होता.

परतवाड्यात एका गॅरेजसमोर जीप उभी दिसली. सवारी झाडाखाली बसली होती आणि गोपाल वैतागून येरझारा घालत होता.

"पाहा ना भाई! तांबं टाक म्हटलं, तं इथल्या बाईनं चावीच काढून घेतली. पोलादी पाईप बसवल्याशिवाय जाऊ देत नाही म्हणते. तुमच्यासारखीच डोक्यावर पडेल हाये!"

जीपखालून गुलफाम बाहेर आली. बाईमाणसानं गॅरेज काढलं म्हणून वाहेदने जिच्याशी बोलणं टाकलं होतं, ती त्याची लेक.

 

वाहेदने बाह्या सारल्या आणि म्हणाला, "पाना दे बेटा, त्या बाजूनं मी कसतो."