दाताखालचा खडक

मंगळवस्तीच्या घुमटात शिरताच रेवतीने हेल्मेट काढलं आणि विवरातल्या खडकाचा कण दाताखाली धरला.

"अहो रेवतीबाई, तपासायला यंत्र आहे ना!" मोघे ओरडले.

"अण्णा आधी दातांना विचारायचे."

तिचे वडील गेल्या महिन्यात वारले. 'विवरात तळं होतं, विहीर तिथेच खणा,' असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. सगळे हसले. वाऱ्याने आणलेल्या वाळूचा खडक असता, तर कचकचला असता. हा मात्र लोण्यासारखा मऊ लागला. इतका बारीक गाळ संथ पाण्यातच बसतो.

तिने चूळ भरली. "तळंच होतं. खणायला घ्या!"

मोघ्यांनी नकाशा उघडला. "नाव काय घालू?"

"अण्णांचं. दामोदर केळुसकर सरोवर. हसणाऱ्यांपैकीच कुणीतरी लिहा."

"मग मीच लिहितो," मोघे म्हणाले.