खांद्यावरची टकटक

तिसरा सूट अंगात चढवायला संजनाला दोन तांबे साबणाचं पाणी लागलं. आतून साबण नसला की ते रबरी कापड कातडीला धरून बसतं. धम्मपाल पोहण्याच्या तलावाच्या पायरीवर बसून लेकीची ही कसरत बघत होता. डाव्या हाताच्या चिमटीत त्याने सुटाची बाही धरून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"लय पातळ हाय गं हा. गारठून जाशील."

हाच बरा वाटतोय, एवढंच ती म्हणाली. तिचे ओठ आत्ताच निळे पडायला लागले होते. नाशिक रोडला डिसेंबरातली थंडी म्हणजे काही चेष्टा नसते. तलावावर ऊन आलं होतं, पण ते नुसतं बघायला.

एका श्वासावर पाण्यात राहण्याची स्पर्धा होती, पुढच्या महिन्यात, केरळात. दुकानदाराने तीन सूट घालून बघायला दिले होते. याच तलावात सराव करणाऱ्या योगेशने तिला हज्जारदा समजावलं होतं. सरावाला जाड सूट घे, स्पर्धेला पातळ. जाड सूट अंगाला वर उचलतो, तर गळ्यात वजनाला थोडं जास्त शिसं बांध, पण ऊब तरी राहील. संजनाने मान डोलावली आणि सरावालासुद्धा पातळच हवा म्हणून हट्टाला पेटली. पोरीला मिरवायची हौस आलीय, असं धम्मपालला वाटलं. वय होतं तिचं.

हा खेळ एकट्याने खेळायचा नसतो. एकाने पाण्यात तोंड घालून, श्वास रोखून निपचित पडायचं. दुसऱ्याने शेजारी उभं राहायचं. ठरलेल्या वेळाने त्याने खांद्यावर दोन बोटांनी टकटक करायची, आणि पडलेल्याने एक बोट वर करायचं. म्हणजे, मी शुद्धीत आहे. बोट वर आलं नाही, तर क्षणाचाही विचार न करता बाहेर ओढायचं, कारण पाण्यात माणूस बेशुद्ध होतो तो अगदी गुपचूप.

पहिल्या दिवसापासून संजनाशेजारी धम्मपालच उभा राहत आला होता. सायखेड्याच्या गोदावरीत पाठीला डबा बांधून त्यानेच तिला पोहायला शिकवलं होतं. तिची आई गेल्यावर तर बापलेकीची निम्मी बोलणी पाण्यातच व्हायची, टकटक आणि बोट.

गेल्या वर्षी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीभ परत आली, पाय निम्माशिम्मा आला, हात मागेच राहिला. पाण्यात तोल जाऊ नये म्हणून डाव्या हाताने कठडा धरावा लागे. टकटक करायला उरला तो उजवाच. जाड सुटातून ती संजनाला कळेना. बोट वर आलं नाही की धम्मपाल ओरडायचा. लोक धावायचे, आणि ती खडखडीत जागी असायची. मी उभा राहतो, असं योगेशने सरळ मनाने सांगून पाहिलं. संजना नाही म्हणाली. उभा राहू दे की त्याला, असं धम्मपाल तोंडदेखलं बोलला, पण त्या दिवशी तो घरी दोन घास जास्त जेवला. या जगात त्याच्यावाचून कोणाचं काही अडत असेल, तर ते इथेच.

दुसऱ्या सुटात तिचं बोट नेमकं वेळेवर आलं होतं. आता हा तिसरा, सगळ्यात पातळ. पाण्यात उतरताना संजनाने त्याच्या उजव्या हाताकडे एकदा पाहिलं, आणि धम्मपालच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगी मिरवायला नव्हती शोधत. त्याची मेलेली बोटं ज्यातून लागतील असं कापड ती शोधत होती.

तोही पाण्यात उतरला आणि कठडा धरून शेजारी उभा राहिला. संजनाने शेवटचा श्वास भरून घेतला आणि तोंड पाण्यात घातलं. कठड्यावरच्या घड्याळाकडे त्याने डोळे लावले. वेळ झाली. त्याने हाताला हुकूम सोडला. हाताने ऐकलं नाही.

संजनाचं बोट वर आलं.

धम्मपालने खाली पाहिलं. त्याचा हात मांडीजवळ होता, जागचा हललासुद्धा नव्हता. ती मनातल्या मनात आकडे मोजत होती. दुसऱ्या सुटातही मोजतच असणार. बापाची लाज राखायला पोर त्या गार पाण्यात स्वतःची राखण स्वतःच करत होती, आणि उद्या खरंच तिला ओढून काढायची वेळ आली, तर या हाताने काय होणार होतं?

ती वर आली. दात वाजत होते तरी हसत होती.

"बघितलंत पप्पा? लगेच कळलं. हाच घेऊ."

तेवढ्यात त्याचा हात, उशिरा का होईना, पाण्यातून निघून तिच्या खांद्यावर पोचला होता. ती केसांतलं पाणी झटकत राहिली, खांद्याकडे वळलीसुद्धा नाही.

"घे," धम्मपाल म्हणाला. "पण योगेश जाड म्हणतो तोच घे. आन् उद्यापासून त्यालाच उभा कर."

"का पण?" तिचा आवाज चिरकला. "मला कळतंय ना सगळं."

तिच्या खांद्यावर त्याची दोन बोटं टकटक करतच होती.