झाकलेला आकडा

ग्रंथपालबाईंनी पाकीट फाडलं आणि चिठ्ठीवरचा गुप्त आकडा मोठ्याने वाचला. सरांच्या विद्यार्थिनीने तो संगणकात घातला. पडद्यावर उत्तर आलं: ब्याण्णव. विश्वाच्या जन्मानंतर ब्याण्णव कोटी वर्षांनी वायूचं धुकं पुरतं विरलं आणि प्रकाशाला आरपार जायला वाट मिळाली. प्रयोगशाळेत टाळ्या पडल्या. सर डोळे पुसत होते.

तीन वर्षं तिने चाळीस क्वेसारांचा, म्हणजे विश्वाच्या त्या टोकाला जळणाऱ्या दिव्यांचा, प्रकाश तपासला होता. तेही डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं. खरं उत्तर आधी दिसू नये म्हणून संगणक प्रत्येक उत्तरात तो गुप्त आकडा मिसळायचा, आणि आकडा बाईंच्या कपाटात बंद. नियम सरांचाच. "माणसाला हवं तेच दिसतं, पोरी," ते म्हणायचे. "तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची." तिने तो नियम जिवापाड पाळला होता.

"पाकीट नवं आहे हं," बाई सहज म्हणाल्या. "दोन वर्षांमागे सरांनी उघडून पाहिलं, तेव्हा आधीचं फाटलं. मग मीच चिठ्ठी यात घातली."

मंडळी चहाला गेली. ती जागची हलली नाही.

"का, सर?"

सरांनी उगाचच चष्मा पुसला. "धुकं नव्वद कोटी वर्षांनंतरच विरलं, असं मी हयातभर लिहीत आलो. लोक हसले. निवृत्तीआधी एकदा कळायला हवं होतं ना, मी खरा की ते. धीर निघाला नाही बघ. पण नुसतं पाहिलं. बोटसुद्धा लावलं नाही कशाला."

बोट त्यांनी लावलं नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी तिला बोलावून म्हणाले होते, यातले सहा क्वेसार खराब आहेत, काढून टाक. तिने का म्हणूनही विचारलं नव्हतं. सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सहाही तिनेच यादीतून खोडले होते. ते काढले की उत्तर कुठे सरकतं, हे तेव्हा फक्त सरांनाच ठाऊक होतं. सरांनी तिचा केसाने गळा कापला होता, आणि तोही तिच्याच हातून. तिला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता, आणि त्याहून जास्त स्वतःच्या भाबडेपणाची लाज.

सरांनी टेबलावरचा कागद तिच्यापुढे सरकवला. 'उत्तर उघडण्याआधी गुप्त आकडा आमच्यापैकी कोणीही पाहिलेला नाही.' खाली त्यांची सही होती. शेजारची जागा तिच्यासाठी मोकळी होती.

तिने पेन उचललं नाही.

"अगं, उत्तर बरोबरच असणार," सर काकुळतीला येऊन म्हणाले. "एवढा संशय असेल तर ते सहा परत घे. तूच ठरव कुठले चांगले, कुठले खराब. तू तर कुणाच्या बाजूची नाहीस."

"कालपर्यंत नव्हते, सर," ती म्हणाली. "आता मीही उत्तर पाहिलंय."